मऊ रबराची ओढ

हिवाळ्यातल्या सकाळी सात वाजता चेट्टीपाळयमचं डांबर गार असतं. कोइंबतूरच्या वेशीबाहेरचा हा करी मोटर स्पीडवे एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. शर्यतीची गाडी भारतात सहज विकत मिळत नव्हती, त्या काळात त्यांनी ती स्वतः बांधायला घेतली, फॉर्म्युला मारुती हा तरुणांच्या आवाक्यातला वर्ग घडवला, आणि १९९५ साली विमान अपघातात ते गेले. ट्रॅक २००३ मध्ये सुरू झाला. लांबी जेमतेम २.१ किलोमीटर, सरळ पट्टे थोडे, वळणं लागोपाठ. पुण्या-मुंबईकडच्या हौशी मोटरसायकलवाल्यांना मनासारखं वळायचं असेल तर वर्षानुवर्षं दक्षिणेचीच वाट धरावी लागली. कधी इथे, कधी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला, १९९० पासून चालू असलेल्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर. पिटमध्ये इंजिन पाच मिनिटांत तापतं. रबराला वेळ लागतो.

ट्रॅकवर पहिला दिवस घालवून आलेला माणूस हमखास एक प्रश्न घेऊन येतो: आता याहून चिकट टायर कोणता घालू? मला हा प्रश्न फार आवडतो. सायलेन्सरचा आवाज वाढवण्याची हौस चारचौघांसाठी असते. टायरची ओढ मात्र वळणातच लागते. गुडघा पहिल्यांदा डांबराला घासतो, हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास ऐकू येतो, आणि गाडी इतकी आडवी होऊनही खाली दोन चाकं आपल्याला धरून आहेत हे अंगाला कळतं. त्या धरून ठेवण्यातलं आणखी थोडं हवंसं वाटणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. म्हणूनच त्याला घाईने उत्तर देऊ नये.

रबर रस्त्याला धरतं कसं, हे आधी बघावं. डांबर दिसतं सपाट, असतं खडबडीत: खडीचे कंगोरे, आणि त्या कंगोऱ्यांवर आणखी बारीक कंगोरे. अंगण सारवताना शेण जसं प्रत्येक भेगेत शिरतं तसं मऊ रबर या खाचांत उतरतं. चाक पुढे सरकलं की ते खाचेतून निघतं, पण लगेच मूळ आकारात येत नाही. त्या दिरंगाईत ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि तेवढाच घसरण्याला विरोध होतो. ही एक पकड. दुसरी रेणूंच्या पातळीवरची. रबर आणि खडी इतकी जवळ येतात की क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. धुळीने किंवा पाण्याने आधी जाते ती ही दुसरी.

शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम, म्हणजे भार दुप्पट तर घर्षणही दुप्पट, इथे पुरता लागू पडत नाही. भार वाढला की रबराची पकड वाढते, पण त्या प्रमाणात नाही. शिवाय त्याला पसरायला क्षण लागतो. ब्रेक एकदम आवळला तर पुढचा टायर पसरायच्या आतच भार त्याच्यावर कोसळतो. तोच ब्रेक आधी हलका, मग वाढवत दाबला तर टायर रुंद बसतो आणि कितीतरी जास्त सोसतो. कीथ कोड यांची कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल चेन्नईच्या ट्रॅकवरही शिकवून गेली आहे. तिथला सुरुवातीचा धडा थ्रॉटलचा: एकदा उघडला की वळण संपेपर्यंत सलग, एकसारखा उघडत न्यायचा. त्याने साधारण चाळीस टक्के भार पुढे आणि साठ टक्के मागच्या रुंद टायरवर राहतो. ही पकड दुकानातून आणावी लागत नाही, आणि कोणत्याही कंपाउंडच्या, म्हणजे टायरच्या रबरी मिश्रणाच्या, आधी ती कमावली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

चाकणला बनणारी केटीएम आरसी ३९० घ्या. आपल्याकडच्या ट्रॅक-डेला ती हमखास दिसते. २०१४ मध्ये ती आली तेव्हा तिच्यावर मेट्झेलरचे स्पोर्टेक एम५ टायर होते, पुढे ११०/७०, मागे १५०/६०, दोन्ही सतरा इंची. त्या टायरला त्याच्या मर्यादेपर्यंत नेणारे हात फार थोडे होते. नव्या माणसाचा मागचा टायर बघितला तर दोन्ही कडांना बोटभर कोरी पट्टी उरलेली असते. पोरं तिला ‘चिकन स्ट्रिप’ म्हणतात आणि ती घालवण्यासाठी झुरतात. पण पट्टी गेली म्हणजे टायर अपुरा पडला, असं मुळीच नाही. गाडीवर ताठ बसून वळणाऱ्याला तोच वेग राखायला गाडी जास्त झुकवावी लागते. अंग आतल्या बाजूला काढणारा त्याच वेगाला गाडी कमी झुकवतो आणि त्याच्या टायरला कड शिल्लक राहते.

रस्त्याचा चांगला टायर सोडण्याआधी सांगतो. आधी पुसटसा हलतो, मग थोडा सरकतो, मग जातो. हे सांगणं सीटमधून कळतं, पायखुंट्यांतून कळतं, आणि ते ऐकायला शिकणं हेच पहिल्या हंगामाचं खरं काम. शर्यतीच्या कंपाउंडची पकड मोठी, पण तिची कड अरुंद. तिथे पोचाल तेव्हा वेगही जास्त असतो आणि वेळही कमी.

मग चिकट टायर कधी? मागचं चाक वळणातून निघताना पुन्हापुन्हा, एकाच जागी, नीट उघडलेल्या थ्रॉटललाही सरकू लागलं की. तेव्हासुद्धा सगळ्यात मऊ ते सगळ्यात चिकट, हा हिशेब आपल्या हवेत चुकतो. पिरेल्ली २००४ पासून वर्ल्ड सुपरबाइकला टायर पुरवते. तिच्या सुपरकोर्सा टायरवर एससी० ते एससी३ असे आकडे असतात, आकडा जितका लहान तितकं कंपाउंड मऊ. नाव वाचून मन शून्याकडे धावतं. पण ही रबरं विजेवर तापणारे वॉर्मर गुंडाळून ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापवून बाहेर काढण्यासाठी घडवलेली असतात. ज्याच्याकडे वॉर्मर नाहीत, जनरेटर नाही, तो सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत त्यांच्यावर बसला तर त्याच्याखाली रस्त्याच्या टायरहूनही कमी पकड असू शकते. आणि दुपारी नेमकं उलट. चेन्नईचं डांबर उन्हात पन्नास अंशांच्या वर जातं, अतिमऊ रबर तापून तुपकट होतं, त्याचे लोळे कडेला साचतात. त्या उन्हात मधलं कंपाउंडच जास्त वेळ धरतं. माझ्यासारख्या हौशी माणसाला लवकर तापणारा आणि तापल्यावर बराच वेळ तसाच राहणारा टायर हवा. पिरेल्लीचाच डायाब्लो रोसो किंवा त्या जातीचे स्पोर्ट टायर या दोन्ही गोष्टी बऱ्या करतात, म्हणून मी कितीही मोह झाला तरी तिथेच थांबतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी युरोपातल्या सल्ल्यांत सापडत नाही. पुण्याहून कोइंबतूर बाराशे किलोमीटरच्या आसपास. गाडी टेम्पोत घालून आणणारे आणतात. बाकीचे तिच्यावर बसूनच येतात, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत. इतक्या सरळ रस्त्यात मऊ टायरचा मधला भाग सपाट होतो, आणि सपाट झालेला टायर झुकताना कडेवर अडखळत चढतो. मध्ये कडक आणि कडांना मऊ असे दुहेरी कंपाउंडचे टायर अशा माणसांसाठी देवासारखे आहेत. रुंदीचाही मोह असतो. मागे १५० ऐवजी १६० बसवला की गाडी मागून भारदस्त दिसते. पण आरसीच्या चार इंची रिमवर तो चिमटला जातो आणि त्याची गोलाई बिघडते. अनुभवी लोक उलट १४०/७० घालतात. गाडी झटकन वळते.

जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले आणि परदेशी टायर मिळणं अवघड झालं. त्या टंचाईत पुष्कळांनी देशी रेडियल पहिल्यांदा मनापासून बघितले. मदुराईच्या टीव्हीएस श्रीचक्रचे प्रोटॉर्क एक्स्ट्रीम, अपोलोचे अल्फा, मुंबईच्या सिएटचे स्पोर्टरॅड. भांडूप, नाशिकला टायर बनवणाऱ्या कंपनीने कडेपर्यंत झुकणाऱ्या गाडीचा विचार करावा, याचा मला मनापासून आनंद आहे. टायर कोणताही घ्या, बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. गोदामात पडून राहिलेलं रबर कडक होत जातं, आणि ट्रॅकवर तापून गार होण्याच्या प्रत्येक फेऱ्यात आणखी थोडं. नक्षी भरपूर शिल्लक असलेला टायरही आतून संपलेला असू शकतो.

सेशन संपवून आत आलं की हेल्मेट काढण्याआधी हवा मोजावी. गार असताना रस्त्यापेक्षा दोन-चार पीएसआय कमी ठेवतातच, पण कामाचा आकडा गरम टायरचा. फार चढला असेल तर टायर फुगून कडक चालला. चढलाच नाही तर रबराला पुरेसं काम मिळालं नाही. मग पृष्ठभाग बघावा, तळवा फिरवून. बारीक, एकसारखी खरखर असेल तर ठीक. एकाच बाजूला फाटल्यासारखे ओरखडे असतील तर हवा, सस्पेन्शन किंवा हात, तिघांपैकी कोणीतरी बोलतंय. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी बाजू जास्त तापते आणि जास्त झिजते. डावी त्या मानाने गारच राहते, म्हणून बऱ्याच वेळाने येणाऱ्या डाव्या वळणाला मी आजही थोडा आदराने जातो.

कोणी नवं पोर येऊन विचारतं, “दादा, सुपरकोर्सा घेऊ का?” मी त्याच्या टायरजवळ उकिडवा बसतो. कड बघतो, तारीख बघतो, गरम हवेचा आकडा विचारतो. तो बहुतेकांनी लिहून ठेवलेला नसतो. मग सांगतो, या हंगामात हाच टायर ठेव, गेज घे, वही घे. राहिलेल्या पैशांत पुढचे ब्रेक पॅड बदल आणि उरले तर फेब्रुवारीतल्या ट्रॅक-डेची फी आत्ताच भर, कारण त्या जागा लवकर संपतात.