सभा गावात, वाडी भट्टीवर

आमची वस्ती कर्जत तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. वर कातकरवाडी. लहानपणी मी आईबरोबर लाकूडफाट्याला जाई, तेव्हा सोबतीला वाडीतल्या बाया असत. फॉरेस्टचा गार्ड दिसला की मोळी टाकून सगळ्यांनीच पळायचे! आमची एक वेळची चूल अडायची. त्यांचे तर सारे जगणेच जंगलावर.

खैराचा काथ काढणारे म्हणून ते कातकरी. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव केली आणि पिढीजात धंदा चोरी ठरला. हा ऐतिहासिक अन्याय मान्य करायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरपर्यंत, नवरा-बायको दोघांच्या नावे होते. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. जंगल राखण्याचा सामूहिक हक्कही मिळतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो मिळवला. तिथे अख्खे गाव सभेला बसते आणि सर्वांच्या संमतीने ठरवते.

आमच्याकडे घोडे नेमके इथेच अडते. दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेत होते. निम्मे सभासद हजर हवेत, दावेदारही निम्मे हवेत. पण दिवाळी सरली की वाडीला कुलूप! माणसे मुलाबाळांसह वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर. २६ जानेवारी गेली, १ मे गेला, आगोठीला ती परततात. वाडीतली एक आजी मला म्हणाली, "सभेच्या दिवशी आम्ही विटा थापत असतो दादा, हात कोण वर करणार?"

रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा इथल्या आदिवासींच्या कामी येत नाही. म्हणून वनहक्काची सभा त्यांना अधिकच मोलाची. ती पावसाळ्यात, माणसे घरी असताना, वाडीतच भरवा, असा आग्रह आपण शेजाऱ्यांनी धरायला नको का?

बंधू-भगिनींनो, आपली मुले शिकली. त्यांनी संध्याकाळी दोन तास वाडीवर जावे, नियम वाचून दाखवावेत, अर्ज भरून द्यावेत. मात्र सभेत बोलायला उभा राहील तो कातकरीच. आपण त्याच्या शेजारी बसावे.