अजिंठ्याच्या चित्राची साक्ष

गेल्या हिवाळ्यांत आम्ही सहकुटुंब अजिंठ्यास जाऊन आलों. फर्दापूरच्या फाट्याशीं गाडी ठेवून बसनें वाघोरा नदीच्या कांठीं उतरलों व चढण चढून पहिल्या लेण्यांत शिरलों. मंद उजेडास डोळे सरावतांच आमच्या पुतण्यानें दाराकडील आंतल्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलें, "आजोबा, हे टोपीवाले कोण?"

"ते इराणच्या बादशहाचे वकील, आणि सिंहासनावर आपला पुलकेशी!" तीर्थरूप अभिमानानें म्हणाले.

शाळेंत ते हेंच शिकले होते, आणि त्यास आधारहि मोठा होता. १८७९ सालीं जेम्स फर्ग्युसन या पंडितानें हा प्रसंग दुसऱ्या खुस्रोच्या वकिलांनीं चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याची भेट घेतल्याचा ठरविला. तबरी या इतिहासकारानें एका हिंदी राजानें खुस्रोकडे पत्रें व नजराणे धाडल्याचें लिहिलें आहे. चित्रांत दाढीवाले परदेशी राजापुढें नजराणे घेऊन आले आहेत. दोहोंची सांगड सहज बसली. परंतु वाचकांच्या लक्षांत येईल कीं, तबरीच्या त्या वृत्तांतांत हिंदी राजाचे नजराणे इराणास जातात. चित्रांत मात्र परदेशीच येथें आलेले आहेत. शिवाय हें लेणें वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचें, म्हणजे पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें, असें आतां बहुतेक अभ्यासक मानतात. पुलकेशी गादीवर आला तो सातव्या शतकाच्या आरंभीं. जो जन्मलाच नव्हता, त्याचा दरबार चिताऱ्यानें कसा रंगवावा? हा प्रसंग महासुदर्शन राजाच्या बौद्ध कथेंतील असावा, असें मत आतां पुढें आलें आहे.

बाहेर ओवरींत बसल्यावर आम्हीं हें भीतभीतच सांगितलें. तीर्थरूप बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे इतकीं वर्षें आम्ही खोटी साक्ष खरी मानली?"

"साक्ष खोटी नव्हे, दादा. अशा टोप्यांचे, अंगरख्यांचे परदेशी येथील चिताऱ्यास ठाऊक होते, एवढें चित्र आजहि सांगतें. नांवें मागाहून लोकांनीं दिलीं."

तीर्थरूप उठले. नातवाचा हात धरून म्हणाले, "बाळ, मघाचें माझें उत्तर चुकलें. चल, त्यांचा पोषाख पुन्हां नीट पाहूं."


दोघे पुन्हां त्या भिंतीपुढें जाऊन उभे राहिले. आम्हीहि त्यांच्या मागें गेलों.