सातव्या तारेचा स्वर ठरवताना

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

तुळजापूर

चिरंजीव भाचीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

मागणीनुसार घडवून घ्यायच्या विद्युत गिटारीचे पर्याय कारागिराच्या तक्त्यात ज्या क्रमाने छापलेले असतात त्या क्रमाने भरू नयेत, हे या पत्रातले मुख्य सांगणे आहे. कारण तक्त्याची सुरुवात बहुधा आकार, रंग आणि पृष्ठभागावरील नक्षी यांपासून होते, आणि वाद्य पुढची अनेक वर्षे कसे वाजेल हे ज्यांवर ठरते त्या गोष्टी, म्हणजे तारेची लांबी, दांडीची घडण आणि घोडीचा प्रकार, शेवटच्या रकान्यांत बारीक अक्षरांत उरतात. भाचीने पाठवलेल्या तक्त्यात रंगाचा रकाना भरलेला आहे आणि तारेच्या लांबीचा कोरा आहे. हा क्रम उलटा व्हायला हवा. जे एकदा घडले की बदलता येत नाही ते आधी, आणि जे पेचकस व डाख यांच्या साहाय्याने केव्हाही बदलता येते ते मागाहून ठरवावे.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याच्या कामात हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे. १९व्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारख्या, मूळच्या हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी तिथे वाद्ये घडवायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे तंबोरा करून घ्यायचा म्हणजे आधी गळ्याची पट्टी सांगावी लागते, कारण मर्दानी तंबोरा आणि जनानी तंबोरा यांच्या दांडीची लांबी व भोपळ्याचा घेर वेगळा असतो, आणि पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारा तो भोपळा एकदा कापून दांडीला जोडला की त्याचा घेर पुन्हा वाढवता येत नाही. नक्षीकाम अगदी शेवटी येते. गिटारीच्या बाबतीत पट्टीची ही जागा सातव्या तारेच्या स्वराने घेतली आहे.

सहा तारांच्या गिटारीत सर्वांत जाड तार पेटीच्या पांढरी तीनच्या मंद्र स्वराला, म्हणजे सेकंदाला सुमारे ८२ कंपनांना, लावतात. सात तारांच्या रूढ मांडणीत तिच्याही खाली पांढरी सातची एक तार येते, जिची कंपने सेकंदाला जवळपास ६२ असतात, आणि त्यामुळे जाड तारेपासून बारीक तारेकडे जाताना सात, तीन, सहा, दोन, पाच, सात, तीन असा पांढऱ्या पट्ट्यांचा क्रम तयार होतो. ही मांडणी आज सर्वमान्य असली तरी ती एकमेव नव्हती. अमेरिकेत जॉर्ज व्हॅन एप्स यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस एपिफोन कंपनीकडून सात तारांची गिटार घडवून घेतली, तेव्हा त्यांनी सातवी तार पांढरी सहाला लावली. पुढे १९९० मध्ये स्टीव्ह व्हाय यांच्यासाठी आयबानेझ कंपनीने काढलेल्या ‘युनिव्हर्स’ या गिटारीने हे वाद्य घाऊक बाजारात आणले, आणि १९९४ मध्ये ‘कॉर्न’ या गटाच्या पहिल्या अल्बममध्ये सगळ्या तारा एकेक स्वर उतरवल्यामुळे सातवी तार पुन्हा पांढरी सहावरच आली.

भाचीच्या मनातले काम पाहता हाच स्वर तिच्यासाठी योग्य ठरतो. तिला गोंधळाच्या चालींखाली अखंड सूर धरायचा आहे, आणि त्या परंपरेत तो सूर तुणतुण्याचा असतो. खालून चामड्याने मढवलेली पोकळ लाकडी नळी, तिच्या बाजूला ठोकलेली काठी, काठीच्या टोकाशी एक खुंटी आणि एकच तार एवढ्या साहित्यातून तुणतुणे संबळाच्या बरोबरीने लयही धरते आणि सूरही. सात तारांच्या गिटारीत सातवी तेवढी पांढरी सहाला उतरवली आणि बाकीच्या सहा तारा जशाच्या तशा ठेवल्या, तर खालच्या तीन तारा सहा, तीन, सहा अशा होतात. म्हणजे पांढरी सहा हा षड्ज मानला की हाताशी सा, प, सा आपोआप उघडे मिळतात. रूढ मांडणीत तसे होत नाही, कारण तिथे खालच्या तिन्ही तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर असतात. विद्युत गिटारीचा आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करतात तेव्हाही सा-पची ही जोडी स्वच्छ राहते. गांधाराची मात्र राहत नाही. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर गिटारीच्या पक्क्या बसवलेल्या पडद्यांवरचा पंचम शुद्ध पंचमापासून अवघा दोन भाग ढळलेला असतो आणि गांधार सुमारे चौदा भाग चढलेला असतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे सरकवता येतात, गिटारीचे येत नाहीत, म्हणून तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा तो शांत गांधार हवा असेल तर खालच्या पडद्यावरून तार ओढून, म्हणजे मींड घेऊनच तो गाठावा लागतो. मींडीचा हा मुद्दा पुढे घोडीच्या निवडीत महत्त्वाचा ठरतो.

स्वर ठरला की लांबीचा प्रश्न सुटू लागतो. ‘स्केल’ म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचपट्टीपासून घोडीपर्यंतची कंप पावणाऱ्या तारेची लांबी होय. सहा तारांच्या गिटारीत ती पुष्कळदा साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर असते, आणि सात तारांसाठी कारागीर साडेपंचवीस, साडेसव्वीस व सत्तावीस इंच असे तीन पर्याय देतात. एकच तार त्याच स्वराला ठेवून लांबी वाढवली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून साडेपंचविसावरून साडेसव्विसावर गेल्यास ताण आठ टक्के आणि सत्ताविसावर गेल्यास बारा टक्के वाढतो. उलट सातवी तार पांढरी सातवरून पांढरी सहावर उतरवली की तिचा ताण वीस टक्के कमी होतो. तार सैल पडते, पडद्यांवर आपटते आणि जोराने छेडल्यावर सुरुवातीला चढा स्वर देऊन मग खाली बसते. यावरचा उपाय म्हणजे जाड तार. तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. पांढरी सातला ५६ जाडीच्या तारेवर जो ताण साडेपंचवीस इंचांत मिळतो, तो पांढरी सहाला मिळवण्यासाठी त्याच लांबीत साधारण ६३, साडेसव्वीस इंचांत ६० ते ६१ आणि सत्तावीस इंचांत ५९ जाडीची तार लागते.

तार जितकी आखूड आणि जाड, तितकी ती ताठ होते आणि तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूक्ष्म स्वर, आपल्या जागेवरून चढू लागतात. पांढरी सहाचा, म्हणजे सेकंदाला ५५ कंपनांचा, मूळ स्वर गिटारीच्या नेहमीच्या स्पीकरमधून फारच क्षीण येत असल्यामुळे ऐकणाऱ्याला तो मुख्यतः उपस्वरांवरूनच ओळखावा लागतो. उपस्वर ढळले की सूर गढूळ होतो आणि कोणतीही खुंटी पिळून तो निवळत नाही. वरच्या आकड्यांवरून दिसते की साडेपंचविसावरून साडेसव्विसावर जाण्यात जेवढा लाभ आहे तेवढा साडेसव्विसावरून सत्ताविसावर जाण्यात नाही. हाताची किंमत मात्र वाढत जाते. पहिल्या चार पडद्यांचा पल्ला साडेपंचवीस इंचांत १३४ मिलिमीटर, साडेसव्विसात १३९ आणि सत्ताविसात १४१.५ भरतो, आणि रोज दोन तास वाजवणाऱ्या करंगळीला हा आठ मिलिमीटरचा फरक चांगलाच जाणवतो.

या अडचणीवर पंख्यासारख्या तिरप्या पडद्यांचा पर्याय तक्त्यात दिला आहे. त्यात जाड तारांची लांबी सत्तावीस आणि बारीक तारांची साडेपंचवीस इंच ठेवतात, त्यामुळे खालचा सूर घट्ट राहतो आणि वरच्या तारांवर मींड सोपी होते. कल्पना उत्तम आहे. तरीही भाचीसाठी ती सुचवावीशी वाटत नाही, कारण तिरप्या पडद्यांबरोबर घोडी तिरपी येते, बहुधा पिकअपही तिरपे बसवावे लागतात, आणि पुढे एखादा भाग बिघडला तर त्याच मापाचा भाग शोधत बसावे लागते. सरळ पडद्यांच्या साडेसव्वीस इंचांत पहिली तार दहाऐवजी नऊ जाडीची घेतली की तिचा ताण साडेपंचवीस इंचांतल्या दहाच्या तारेपेक्षाही आठवा हिस्सा कमी होतो, म्हणजे मींडीची सोय तारेच्या एका पाकिटात होऊन जाते. साडेसव्वीस, सरळ पडदे हाच रकाना भरावा.

घोडीबाबत दुमत असू नये. तरंगती घोडी, म्हणजे स्प्रिंगांच्या ओढीवर तोललेली आणि दांड्याने हलवता येणारी, दिसायला मोहक असते, पण एक तार ओढून मींड घेतली की वाढलेल्या ताणाने ती किंचित पुढे झुकते आणि उरलेल्या सगळ्या तारा उतरतात. ज्या वादनात खाली सा-प अखंड वाजत राहायचे आहेत आणि वर मींड घ्यायची आहे, तिथे हा दोष सहन होण्याजोगा नाही. घोडी पक्की असावी.

पडदे ज्या पट्टीवर बसतात तिची गोलाई कमी, म्हणजे सोळा किंवा वीस इंच त्रिज्येची असावी, कारण जास्त गोल पट्टीवर ओढलेली तार मधल्या पडद्यांना टेकून घुसमटते. दोन पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट करण्याचा पर्याय भाचीला भुरळ घालतो आहे, आणि ते समजण्याजोगे आहे. गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिन यांनी १९७०च्या दशकात ‘शक्ती’ या गटासाठी गिब्सन कंपनीतल्या अब्राहम वेक्टर यांच्याकडून घडवून घेतलेल्या गिटारीची पट्टी अशीच कोरलेली होती आणि तिच्या मुख्य सहा तारांखाली तरफांच्या सात तारा तिरप्या ताणलेल्या होत्या. परंतु कोरलेले लाकूड पुन्हा भरता येत नाही, आणि न कोरलेले पुढे केव्हाही कोरता येते. हा रकाना सध्या कोरा ठेवावा.

दांडीचा विचार तुळजापूरच्या हवेला धरून करावा लागेल. बालाघाटाच्या माथ्यावर एप्रिल-मेची कोरडी झळ लाकडातला ओलावा शोषून घेते, पट्टी आकसते आणि पडद्यांची टोके कडेबाहेर येऊन बोटाला लागतात. पावसाळ्यात तीच पट्टी पुन्हा फुगते. त्यावर सात तारांची मिळून पन्नास किलोंहून अधिक ओढ दांडीवर कायम असते. म्हणून दांडी एकसंध लाकडाची न घेता तीन किंवा पाच पट्ट्या उभ्या चिकटवून केलेली, पोटात वाक दुरुस्त करणारी पोलादी सळई आणि तिच्या दोन बाजूंना कार्बनतंतूच्या कांबी असलेली घ्यावी. यासाठी जो जादा खर्च येईल तो नक्षीतून वाचवावा. पट्टी शिसवी लाकडाची चालेल. शिसवाच्या परदेश व्यापारावर जानेवारी २०१७ पासून आलेली कागदपत्रांची अट तयार वाद्यांपुरती नोव्हेंबर २०१९ मध्ये उठली आहे, त्यामुळे गिटार बरोबर घेऊन परदेशी जाण्याची वेळ आली तरी त्या अटीची चिंता नको.

धडाच्या लाकडावर तक्त्याने अर्धे पान खर्च केले आहे, ते जरा अति झाले. तंबोऱ्यात भोपळा आणि तबली हीच आवाज मोठा करणारी यंत्रणा असते. विद्युत गिटारीत पिकअप, म्हणजे लोहचुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेले वेटोळे, पोलादी तारेच्या हालचालीतून विजेचा प्रवाह निर्माण करते, आणि लाकडाचा वाटा त्या मानाने लहान राहतो. (तंबोऱ्याची पितळी खर्जाची तार या पिकअपला ऐकूच येत नाही, तिथे पोलाद किंवा निकेलच लागते.) धड हलके असावे, एवढे पुरे, कारण गोंधळ रात्रभर उभ्याने चालतो.

पिकअप पुढे बदलता येतात, मात्र त्यांच्यासाठी धडात कोरलेला खड्डा बदलता येत नाही. विजेच्या गुणगुणीला दाबण्यासाठी दोन वेटोळी उलटसुलट जोडलेला ‘हंबकर’ हा प्रकार, ज्याच्या पेटंटसाठी गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये अर्ज केला, भाचीसाठी अनिवार्य आहे. आपल्याकडच्या विजेची गुणगुण ५० कंपनांपासून सुरू होते आणि सातवी तार ५५ वर बोलते, त्यामुळे ती गुणगुण नंतर गाळायला गेले तर सूरही गाळला जातो. खड्डा साध्या हंबकरच्या मापाचा कोरून घ्यावा. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या, मोठ्या खोक्याच्या पिकअपसाठी कोरलेल्या खड्ड्यात साधा पिकअप उघडा पडतो.

खुंट्या, गुंड्या आणि रंग यांबाबत भाचीची आवड हाच निकष असावा. तक्ता परत पाठवण्यापूर्वी पुण्यात कुठे साडेसव्वीस इंची सात तारांची गिटार हाती घ्यायला मिळाली, तर तिची सातवी तार पांढरी सहाला उतरवावी, पट्टा खांद्याला लावून उभ्याने अर्धा तास ती वाजवावी आणि करंगळी काय सांगते ते मामाला कळवावे. तोवर कारागिराला आगाऊ रक्कम देऊ नये.

घरी सर्व क्षेम आहे. इति लेखनसीमा.