बाटलीमागची भाषा

भाषांतराच्या व्यवसायात कवितेला मान आहे आणि करारनाम्यांना दाम आहे. वाइनच्या बाटलीच्या पाठीवर चिकटवलेल्या चाळीस-पन्नास शब्दांना दोन्ही नाही. तरीही फ्रेंच द्राक्षबागायतदारांचे असे मजकूर इंग्रजीत आणताना आम्हांला जेवढे प्रश्न पडले, तेवढे पुष्कळ जाडजूड ग्रंथांनी पाडले नाहीत.

प्रथम वाक्याची चाल पाहावी. फ्रेंच मजकूर साधारणतः असा असतो: ‘असामान्य भूमीतून जन्मलेली, हाताने खुडलेल्या द्राक्षांची, ओकच्या पिंपात वाढवलेली ही वाइन चोखंदळ रसिकांना मोहवील.’ विशेषणांची पालखी पुढे आणि कर्ता मागे, ही चाल मराठीला परकी नाही. इंग्रजीला मात्र कर्ता लवकर हवा असतो. शिवाय तो भविष्यकाळ! ‘ही वाइन भाजलेल्या मांसाला उत्तम साथ देईल’ हे फ्रेंचमध्ये अदबीचे आश्वासन ठरते. इंग्रजीत तसेच नेले तर भाकीत वाटते. तिथे साधा वर्तमानकाळ पुरतो.

मग शब्दांची पाळी येते. पेल्याच्या कडेवरून ओघळणाऱ्या वाइनच्या रेषांना फ्रेंच माणूस ‘लार्म’, म्हणजे अश्रू म्हणतो. इंग्रज त्यांनाच पाय म्हणतो. ‘नेर्व्हो’ ही वाइनची स्तुती आहे, पण तिचे शब्दशः इंग्रजी केले तर वाइन घाबरट ठरते. तिथे तरतरीत अशा अर्थाचा शब्द शोधावा लागतो. ‘शाँब्रे’ म्हणजे खोलीच्या तपमानाला आणलेली. ही खोली मात्र जुन्या काळची, सोळा-अठरा अंशांची. आजच्या ऊबदार दिवाणखान्यात ती सूचना अक्षरशः पाळली तर वाइन बिघडते. म्हणून आम्ही सरळ अंशच लिहितो. शँपेनच्या बाटलीवरचा ‘सेक’ हा शब्द तर ‘कोरडी’ असे सांगतो आणि आत लिटरमागे 17 ते 32 ग्रॅम साखर असू शकते. अशा शब्दाला हात न लावणे हेच त्याचे भाषांतर.

‘एलव्हे’ या शब्दापाशी आम्ही सर्वाधिक रेंगाळलो. मुले वाढवावीत, गुरे पाळावीत, त्याच क्रियापदाने फ्रेंच माणूस पिंपातली वाइन वाढवतो. इंग्रजीतले नेहमीचे शब्द वय मोजतात किंवा पक्वता सांगतात. त्यांत वाढवणाऱ्याचा हात दिसत नाही. मराठीत आपण लोणचे ‘मुरते’ म्हणतो. शब्द सुरेख आहे, पण लोणचे आपले आपण मुरते; ‘एलव्हे’मध्ये कोणीतरी रात्रीअपरात्री उठून पाहत असते. इंग्रजीत ते माणूस वाक्यात आणल्याशिवाय येत नाही.

इथून प्रश्न भाषेचा उरत नाही. ‘व्हिएय् व्हिन्य’, म्हणजे जुने वेल, हे शब्द फ्रान्समधल्या कित्येक बाटल्यांवर असतात. किती वर्षांचा वेल जुना, हे तिथला कायदा सांगत नाही. ‘ग्राँ व्हँ’ म्हणजे थोर वाइन. बोर्दोमध्ये ते बहुधा त्या मळ्याच्या पहिल्या प्रतीच्या वाइनचे नाव असते, थोरवीची हमी नव्हे. फ्रेंच वाचक अशा शब्दांतली हवा सवयीने काढून घेतो. परका वाचक मात्र ते खरे मानतो किंवा हसतो. मग शब्दाशी इमान राखावे की परिणामाशी? आम्ही तिसरी वाट धरली: मळेवाल्यालाच विचारायचे. वेल किती जुने? ‘आजोबांनी 1958 साली लावले,’ असे एकाने कळवले आणि इंग्रजी वाक्य तिथेच तयार झाले. दुसऱ्याने उत्तर दिले नाही. त्याचे वेल आम्ही नुसतेच ‘जुने’ ठेवले; त्यांना ‘प्राचीन’ केले नाही.

लुआर खोऱ्यातल्या एका बाईंनी मात्र आम्हांला अडवले. त्यांच्या 2021च्या वाइनच्या मजकुरात ‘पास्यों’ होते, म्हणजे उत्कट ध्यास. हा शब्द इतका झिजलेला, की इंग्रजीत आम्ही तो गाळला. त्यांचे पत्र आले: ‘सगळे छान आहे, पण तेवढे एकच खरे होते, तेच तुम्ही काढलेत.’ आम्ही विचारले, त्या शब्दात तुमच्या लेखी काय आहे? उत्तर मोठे होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्सभरच्या द्राक्षमळ्यांवर हिमकडाका पडला. नुकते फुटलेले कोंब वाचवण्यासाठी त्या कुटुंबाने ओळींमधून मेणबत्त्या पेटवल्या आणि लागोपाठ तीन रात्री जागून काढल्या. तरीही निम्मे पीक गेले.

आम्ही इंग्रजीत त्या तीन रात्री लिहिल्या आणि गेलेले निम्मे पीकही. मुळात नसलेला मजकूर घालणे हे भाषांतर नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि कवितेच्या बाबतीत आम्हीही तेच म्हणू. पण इथे मूळ म्हणजे काय? कागदावरचा झिजलेला शब्द, की तो लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे असलेला मळा? बाईंनी इंग्रजी मजकूर मान्य केला आणि फ्रेंच बाजूला ‘पास्यों’ तसाच ठेवला. आता एकाच बाटलीवर डावीकडे ध्यास आहे आणि उजवीकडे मेणबत्त्या. दोन्ही भाषा जाणणाऱ्याला हे भाषांतर चुकीचे वाटू शकेल. आम्हांला मात्र आमच्या आजवरच्या कामात याहून नेमके भाषांतर आठवत नाही.