पत्ता हरवलेले दगड

कापडाचा ताका हातात आला की मी आधी त्याच्या टोकावरची खूण बघतो, मग कापड. मागाचा नंबर, मीटर, तारीख. वीण कितीही सुबक असो, ती कुठल्या मागावर उतरली हे कळलं नाही तर चूक सुधारता येत नाही आणि शाबासकीही कुणाला देता येत नाही. भिवंडीच्या निजामपुऱ्यात यंत्रमागाच्या कारखान्यांत ताके तपासत माझं आयुष्य गेलं. दगडांचा नादही त्याच काळातला. पण दगडालाही अशी खूण लागते, हे मात्र मला पुराच्या पाण्यानं शिकवलं.

सुट्टीच्या दिवशी मी भिवंडीच्या आसपासच्या खडीच्या खाणींवर जायचो. एकदा सुरुंग उडाल्यावर ड्रिलवाल्या मामांनी एक ढेकूळ माझ्या हातावर ठेवलं. बाहेरून काळा कातळ, आत मुठीएवढी पोकळी आणि तिच्यात फिक्या गुलाबी रंगाचे, मधोमध आवळलेल्या पेंढ्यांसारखे स्फटिक. ते स्टिल्बाइट आहे, हे पुढे पुस्तकातून कळलं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. नंतर त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपत राहिलं, आणि त्यानं दगडातली द्रव्यं विरघळवून भिंतींवर स्फटिक बसवले. आपल्या रस्त्यांना लागते ती खडी असल्या घरांनी भरलेल्या कातळाची आहे, हे कळल्यावर माझा रिकामा वेळ त्या खाणींचाच झाला.

स्टिल्बाइट, हॉयलँडाइट, अपोफिलाइट भरपूर मिळतात. मला ओढ लागली ती धातूची. आपल्या काळ्या पाषाणात लोखंड आहे, पण ते दगडभर विखुरलेलं. दुर्मिळ धातू पोकळीत उतरतो तो चिमूटभर, आणि तेवढ्यानं सगळं रूप पालटून टाकतो. व्हॅनेडियमचा अंश मिसळला की पाण्यासारखं स्वच्छ अपोफिलाइट हिरवं होतं. कॅव्हान्साइटमध्ये तर व्हॅनेडियम घटक म्हणूनच बसलेलं असतं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या नावांतली अक्षरं जोडून त्याचं नाव केलं. ते प्रथम अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं, 1973 साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि मग पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून असे निळे झुबके निघाले की जगभरचे संग्राहक वाघोलीचं नाव शिकले. माझ्याकडचा झुबका हरभऱ्याएवढा आहे. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला, शाईत बुडवून काढल्यासारखा निळा. पॉवेलाइट मॉलिब्डेनमचं. नाशिकजवळच्या खाणींतला त्याचा एक पिवळसर स्फटिक मी कितीतरी महिने पैसे साठवून घेतला. कांदिवलीच्या खाणीतलं काळंभोर, चकचकीत बॅबिंग्टोनाइट मिळालं ते अदलाबदलीत.

प्रत्येक दगड डबीत, आणि डबीत शाईनं लिहिलेली चिठ्ठी. एवढी व्यवस्था पुरेशी वाटत होती.

26 जुलै 2005 ला पाणी घरात शिरलं. माझी खोली तळमजल्यावर, आणि कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात. पाणी ओसरल्यावर मी डब्या उघडल्या. दगड होते तसेच होते, चिखल तेवढा बसलेला. मऊ ब्रशनं तो निघत गेला. एका ओकेनाइटचंच रूप गेलं. त्याचे कापसासारखे तंतू एकदा ओले होऊन चिकटले की परत फुलत नाहीत. पण चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता आणि शाई त्या लगद्यात विरून गेली होती.

आठवडाभर मी दगड ओळखत बसलो. कॅव्हान्साइटला विचारावं लागलं नाही. तो निळा रंगच वाघोली सांगत होता. रात्री दिवा मालवून अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाची बत्ती फिरवली, तेव्हा ओळीतला एक स्फटिक मलईसारख्या पिवळ्या उजेडानं पेटला. तोच माझा पॉवेलाइट. पोपटी प्रेहनाइटवर बसलेलं काळं बॅबिंग्टोनाइट पाहून कांदिवली आठवली. ज्यांच्या पोटात धातू होता ते सगळे आपापल्या गावी पोचले.

मागे राहिले तेवीस स्टिल्बाइट. कुठला जळगावचा, कुठला पुण्याचा, कुठला मुंबईचा, रंगरूपावरून सांगता येईना. आणि त्या तेविसांत मामांनी दिलेला, माझा पहिला दगड होता.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. दगड खाणीवर असतानाच त्याची नोंद करतो, घरी येईपर्यंत थांबत नाही. नोंद पेन्सिलीनं, कारण शिसं पाण्यात फुटत नाही. घरी आल्यावर दगडाच्या पाठीला, स्फटिक नसलेल्या काळ्या भागावर, पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका देतो. तो वाळला की काळ्या शाईनं क्रमांक घालतो आणि वर पारदर्शक वॉर्निशचा एक हात. वहीत गाव, खाण, तारीख, कुणी दिला. वहीची दुसरी प्रत वरच्या मजल्यावर. अभ्यासकाला स्थळ नसलेल्या नमुन्याचा अर्धाच उपयोग. सिन्नरला के. सी. पांडे यांनी उभारलेल्या 'गारगोटी' संग्रहालयात गेलो की लोक रंग बघत पुढे सरकतात आणि मी आधी स्थळाची नावं वाचतो. दुर्मिळ दगड स्वतःची ओळख स्वतः जपतो. साधा दगड आपल्या हाताच्या अक्षरावर विसंबून असतो, म्हणून जास्त काळजी साध्याची घ्यायची. हे मी आधी उलटं समजून चाललो होतो.

मामांनी पहिला दगड दिला ती खाण आता बुजली, तिथे गोदामं उभी आहेत. दुसरा तुकडा मिळायचा नाही. पहिल्या दगडाच्या पोकळीला आतून हिरवट साय होती, एवढं मला पक्कं आठवतं. मागच्या पावसाळ्यात तेवीसही दगड भिंगाखाली घेतले. तशी साय चौघांना निघाली. त्यांतला एक हातात घेतला की वाटतं, वजन हेच, हाच तो. वही उघडी होती आणि स्थळाच्या रकान्यात 'भिवंडी' लिहायला पेन्सिलीचं टोकही टेकलं होतं.

पण ताक्यावरची खूण कुणी अंदाजानं घालत नाही. मी चौघांनाही क्रमांक दिले, ठिपक्यांवर वॉर्निश लावलं आणि वहीत चारही ओळींवर स्थळाचा रकाना कोरा ठेवला. पुढच्या रकान्यात फक्त लिहिलं, 'यांपैकी एक मामांनी दिलेला.'