डिस्कचा स्थिर आकार

महावितरणच्या बिलावर 'स्थिर आकार' नावाची एक ओळ असते. घर महिनाभर कुलूपबंद असो, एक दिवाही लागलेला नसो, ती ओळ आपली जागच्या जागी. आपण ती वाचतो, थोडं कुरकुरतो आणि बिल भरतो. क्लाउडच्या बिलातही अशीच एक ओळ असते. तिथे तिचं नाव 'स्टोरेज'. आणि गंमत बघा, आमच्या धंद्यातले भलेभले लोक व्हीएमला प्रोसेसर किती, रॅम किती यावर तासभर वाद घालतात आणि डिस्कच्या रकान्यात "५०० जीबी टाक रे, असू दे" म्हणून मोकळे होतात!

हे सगळं परत डोक्यात यायला कारण झाली एक राइस मिल. माझं आजोळ मौद्याकडचं. नागपूरहून भंडारा रस्त्याने निघालं की साधारण ३५ किलोमीटरवर, कन्हानच्या काठी मौदा लागतं. बाहेरच्यांना मौदा म्हटलं की एनटीपीसीचं वीज केंद्र आठवतं, पण हा पट्टा मुळात धानाचा. (आमच्याकडे भात म्हणजे ताटातला. शेतातलं ते धान.) मामाची मिल तिथेच आहे.

आता राइस मिलला क्लाउड कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मिलचा हिशोब म्हणजे नुसता जमाखर्च नव्हे. सरकारी खरेदीचं धान मिलवाल्याला भरडाईसाठी मिळतं आणि १०० किलो धानामागे साध्या तांदळाचे ६७ किलो परत द्यावे लागतात, उकडा असेल तर ६८. कुठल्या तारखेला किती धान आलं, किती तांदूळ गेला, कुठल्या ट्रकने गेला, हे सगळं कागदाशी जुळावं लागतं. जुळलं नाही तर फरक मिलवाल्याच्या अंगावर. आणि हा सगळा हिशोब बसला होता ऑफिसातल्या एका पीसीत, जिथे दिवसभर कोंड्याची धूळ उडते. तीन वर्षांत दोन हार्ड डिस्क गेल्या. दुसरी गेली ती ऐन हंगामात. मग गेटपास आणि काट्याच्या पावत्यांवरून सगळं पुन्हा टॅलीत चढवायला मुनीमजींना अडीच आठवडे लागले. तेव्हा मामा म्हणाले, आता हे इथे ठेवायचंच नाही.

नागपूरच्या एका गृहस्थांनी कोटेशन दिलं. अॅमेझॉनच्या मुंबईतल्या केंद्रात एक विंडोज व्हीएम आणि तिला ५०० जीबीची जीपी२ डिस्क. डिस्कचा आकडा मशीनपेक्षा मोठा, महिन्याला पाच हजारांच्या घरात, वर १८ टक्के जीएसटी. मामांनी कोटेशन मला पाठवलं. मी आधी एकच विचारलं, "मामा, सगळा डेटा मिळून आहे किती?" सात वर्षांचा टॅलीचा डेटा ३ जीबीच्या आत होता. मग ५०० कशाला? त्या गृहस्थांचं उत्तर होतं, "स्पीडसाठी लागते."

हे उत्तर ऐकून हसू नका. एके काळी ते अगदी बरोबर होतं.

आपल्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा वेग मुळात कशाने ठरतो ते बघू. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या थोडं वर. सुई हलायला आणखी ८-९. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद. सेकंदाला अशी ७५-८० कामं झाली की डिस्क दमली. या 'सेकंदाला किती कामं' याला आमच्यात आयऑप्स म्हणतात. डिस्कवर किती जीबी मावतात आणि ती सेकंदाला किती कामं करते या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाव बघताना बहुतेक जण फक्त पहिली बघतात.

अॅमेझॉनने २०१४ मध्ये जीपी२ आणली तेव्हा त्यांनी या दोन गोष्टी एकमेकींना बांधून टाकल्या. दर जीबीमागे ३ आयऑप्स. १०० जीबी घ्या, ३०० मिळतील. ५०० घ्या, १५०० मिळतील. छोट्या डिस्कला मधूनमधून ३००० पर्यंत उडी मारता यायची, पण त्यासाठी ५४ लाख कामांची एक गंगाजळी असे. पूर्ण वेगाने उपसली तर अर्ध्या तासात तळ दिसायचा, आणि मग डिस्क एकदम मुंगीच्या पावलांनी. त्यामुळे ज्यांना कायमचा वेग हवा ते लोक डेटा ५० जीबी असला तरी १००० जीबीची डिस्क घ्यायचे. रिकामी जागा भाड्याने घ्यायची, का तर तिच्यासोबत वेग मिळतो म्हणून! विचित्र वाटतं, पण गणित तसंच होतं.

डिसेंबर २०२० मध्ये जीपी३ आली आणि ही गाठ सुटली. डिस्क १० जीबीची असो नाहीतर १००० जीबीची, ३००० आयऑप्स आणि सेकंदाला १२५ एमबी हे मूळ दरातच. त्याहून जास्त लागलं तर तेवढेच वेगळे विकत घ्या. वर जीबीचा दर जीपी२ पेक्षा २० टक्के कमी. म्हणजे कोटेशनमधल्या ५०० जीबीच्या डिस्कपेक्षा ३० जीबीची जीपी३ दुप्पट वेगाची, आणि किंमत विसाव्या हिश्शाच्याही खाली. पण जुने नियम कोटेशनच्या फाइलीत राहून जातात. कोणी तरी २०१६ मध्ये बनवलेली एक्सेल शीट, तिच्यात फक्त गिऱ्हाइकाचं नाव बदललेलं. त्या गृहस्थांना लबाड म्हणायला माझ्याकडे कारण नाही. हीच डिस्क पुण्यातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या खात्यातही अजून सुखाने नांदताना मी पाहिली आहे.

तरीही "३००० पुरे" हे मी तोंडावर सांगणार नव्हतो. मोजायला हवं. मिलच्या पीसीवर विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर लावला आणि धानाच्या गाड्यांची रांग होती त्या दिवशी सकाळी ९ ते रात्री ८ नोंद ठेवली. दिवसभर आकडा २० च्या खाली. संध्याकाळी मुनीमजींनी मोठा रिपोर्ट उघडला आणि पाठोपाठ बॅकअप घेतला तेव्हा १८० ला टेकला आणि खाली आला. संपला विषय. अशा कामाला महागड्या आयओ२ वगैरे डिस्कांचा विचारही करायचं कारण नाही. त्या मोठ्या डेटाबेसवाल्यांसाठी आहेत, जिथे सेकंदाला हजारो नोंदी सतत पडत असतात. शिवाय छोट्या व्हीएमला डिस्कशी बोलायची स्वतःचीच एक मर्यादा असते. दारच अरुंद असेल तर आत कितीही मोठी डिस्क ठेवून फायदा काय?

मग उलट्या टोकाचा प्रश्न. जीपी३ च्याही खाली एसटी१ आणि एससी१ या स्वस्त डिस्क आहेत, त्या का नकोत? कारण त्या फिरत्या डिस्क. एका ओळीत भराभर वाचायला-लिहायला उत्तम, इकडचं तिकडचं थोडं थोडं वाचायला वाईट, आणि टॅलीचं काम हे दुसऱ्या जातीचं. त्यात त्यांच्यावरून विंडोज सुरू होत नाही आणि किमान १२५ जीबी घ्याव्याच लागतात. स्वस्त दराने नको ते १२५ घेण्यापेक्षा थोड्या महाग दराने हवे ते ३० परवडतात.

शेवटी ठरलं ते असं. ५० जीबीची डिस्क विंडोजसाठी, ३० जीबीची दुसरी फक्त डेटासाठी. दोन का? विंडोज बिघडलं तर डेटाची डिस्क सोडवायची आणि त्याच झोनमधल्या दुसऱ्या व्हीएमला जोडायची, काम सुरू. मुंबईचा जीपी३ चा दर जीबीला महिन्याला साधारण ९ सेंट, म्हणजे आठेक रुपये. ८० जीबीचे साडेसहाशेच्या आसपास. अमेरिकेतल्या केंद्रात दर अजून किंचित कमी आहे, पण तिथे जाऊन परत यायला प्रत्येक क्लिकला पाव सेकंद लागतो. मुनीमजींनी दुसऱ्याच दिवशी वही उघडली असती.

आणि हो, ३० पुरले नाहीत तर? ही क्लाउडच्या डिस्कची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती वाढते, आकसत नाही. २०१७ पासून चालू मशीनवर डिस्क वाढवता येते, विंडोजमध्ये जाऊन पार्टिशन तेवढं ताणायचं. पण ५०० ची ५० करायची असेल तर नवी डिस्क घ्या, सगळं कॉपी करा, जुनी पुसा. म्हणून "असू दे, पुढे लागेल" हे घरातल्या माळ्याला ठीक आहे, इथे नाही. पुढे लागेल तेव्हा पुढे घ्यावी.

मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअरवर (त्यांचं एक केंद्र २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे) हिशोब जरा वेगळा. तिथे प्रीमियम एसएसडी ठरलेल्या मापांत मिळते, १२८, २५६, ५१२ असं. १३० जीबी मागितली तर पैसे २५६ चे. आणि स्टँडर्ड हार्ड डिस्क स्वस्त दिसते, पण तिच्यावर दर १०,००० वाचन-लेखनांमागे वेगळा आकार पडतो. तिथे बऱ्याच व्हीएमना एक फुकटची डी ड्राइव्ह मिळते, तिच्यावर मात्र काहीही महत्त्वाचं ठेवू नका. ती तात्पुरती असते आणि व्हीएम पूर्ण थांबवली की तिच्यावरचं सगळं जातं.

खरी गंमत झाली ती पावसाळ्याच्या प्रश्नावर. पावसाळ्यात मिल बंद असते. मामा म्हणाले, "तवा मशीन बंदच ठेवू ना." मी म्हटलं, ठेवा, मशीनचे पैसे थांबतील, डिस्कचे चालूच राहतील.

"अबे, बंद केली तं पैसे कायचे लागून रायले?"

मी जागा, आरक्षण, वगैरे समजावायला लागलो. मामांनी मला मध्येच थांबवलं. "म्हणजे डिमांड चार्जच म्हण ना!"

मी गप्पच. मिलच्या वीजबिलात मोटरी चालोत न चालोत, मागणी आकार येतोच, कारण तेवढा भार तुमच्या नावावर राखून ठेवलेला असतो. आणि मामांच्या गावाजवळचं ते २,३२० मेगावॅटचं केंद्रही याच हिशोबावर चालतं. एनटीपीसी वीज विकते ती दोन भागांत. केंद्र वीज द्यायला तयार आहे याचा क्षमता आकार वेगळा आणि प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटांचा ऊर्जा आकार वेगळा. महाग पडते म्हणून एखाद्या दिवशी वीज घेतली नाही तरी क्षमता आकार सुटत नाही. २००२ मध्ये देशात उपलब्धतेवर आधारित दरपद्धत आली तेव्हापासून वीजवाले लोक या विषयावर भांडत आले आहेत. आमच्या आयटीत मात्र हे शिकवायला प्रमाणपत्रांचे कोर्स लागतात!

तर चार महिने डिस्कचं करायचं काय? एक मार्ग आहे. स्नॅपशॉट घ्या, डिस्क पुसून टाका, दिवाळीत स्नॅपशॉटवरून परत उभी करा. स्नॅपशॉट फक्त भरलेल्या जागेचा असतो, दर ५ सेंटच्या आसपास, आणि रोजचा बॅकअप म्हणून तो आपण घेणारच आहोत. चार महिन्यांत अडीच हजार वाचतील. मी मामांना सांगितलं, करू नका. एक तर सीएसाहेबांना ऑडिटसाठी जुलै ते सप्टेंबरमध्येच डेटा लागतो. दुसरं, स्नॅपशॉटवरून उभी केलेली डिस्क सुरुवातीला रखडत चालते, कारण डेटा मागितला जाईल तसतसा आणला जातो. आणि तिसरं, पुसणारा माणूस कधी तरी चुकीची डिस्क पुसतो. अडीच हजारांसाठी हे नको. रोजचा स्नॅपशॉट आपोआप घ्यायचा, सात दिवसांचे ठेवायचे, नवा फक्त बदललेल्या भागाचा असल्यामुळे बिल फार वाढत नाही. सगळं मिळून अडीचशेच्या आत. ज्या कारणासाठी मिलचा डेटा मौद्यातून बाहेर पडला, त्याच्यावर पैसे खर्च करायला कंजुषी कशाला?

काट्यावरच्या ट्रकांचे फोटो निघाले ४० जीबी. वजनावरून वाद झाला तरच ते लागतात, एरवी कोणी बघत नाही. ते डिस्कवर न ठेवता एस३ मध्ये टाकले, तिथला दर जीबीला दोन-सव्वादोन रुपये आणि जेवढं ठेवलं तेवढ्याचेच पैसे. महिन्याला नव्वदेक रुपयांत काम झालं.

मामा एवढे खूश झाले की लगेच पुढचा प्रश्न आला. मिलमध्ये ८ कॅमेरे आहेत, त्यांचं चित्रणही वर टाकायचं का? गणित करून बघितलं. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट धरला तर दिवसाला २१.६ जीबी. आठांचे महिन्याला पाच हजार जीबीच्या वर. जीपी३ वर महिन्याला ४१ हजार रुपये, आणि चोवीस तास १६ मेगाबिटने वर पाठवत बसणारी लाइन वेगळी. स्वस्तातल्या स्वस्त जागेत टाकलं तरी लाइनचा प्रश्न तसाच. "राहू दे मंग," मामा म्हणाले. चित्रण डीव्हीआरमध्येच आहे. फक्त तो डीव्हीआर आता धुळीतून उचलून आतल्या खोलीत, देवाच्या फोटोशेजारी ठेवला आहे.