सुईआधीचा प्रश्न

मारुंजीहून आईला हिंजवडीच्या दवाखान्यात दात स्वच्छ करण्यासाठी नेले होते. वय ७८, हिरड्या सुजलेल्या, स्पर्शही सोसवेना. काम करणाऱ्या हायजिनिस्ट ताई थांबल्या. "आजी, बधिर करण्याचं इंजेक्शन डॉक्टरच देतील."

"तुझा हात हलका आहे गं, तूच दे," आईने विनवले. त्या हसल्या, पण सुई उचलली नाही.

१९४८च्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टकडे दात खरवडणे, स्वच्छ करणे, चकाकी देणे आणि मुखस्वच्छता शिकवणे एवढेच काम सोपवले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने १९७१ मध्ये प्रशिक्षित हायजिनिस्टना भूल देण्याची मुभा दिली. पुढे बहुतेक राज्यांनी. ताटकळताना मला त्याचा हेवा वाटला.

डॉक्टर आल्या. "औषधे कोणती चालू आहेत?" मी रक्तदाबाची गोळी सांगितली, हृदयाची विसरले. आईनेच आठवण करून दिली. भुलेच्या औषधात बहुधा अ‍ॅड्रेनलिन असते. हृदयरुग्णांत त्याची मात्रा जपावी लागते. डॉक्टरांनी ती बेताची ठेवली आणि सावकाश टोचले.

हलका हात ताईंचाही होता. परवान्यासाठी हा प्रश्न आणि त्याच्या उत्तरामागची जाण शिकावी लागते. उद्या ते शिक्षण ताईंना मिळो. तोवर गोळ्यांची यादी मी पिशवीतच ठेवते.